दुष्काळातला बैल

बारामतीजवळच्या जळोचीच्या उपबाजारात सकाळचे लिलाव उरकत आले होते. तारीख ७ एप्रिल २०२५, सोमवार. मी एका गाळ्याच्या कट्ट्यावर पट्टीची वाट बघत बसलो होतो आणि भाचा समोर फोनमध्ये डोकं घालून उभा होता. मागं क्रेटांची थप्पी, हमालांची ओरड, ढोबळ्या मिरचीचा उग्र वास. साडेनवाच्या सुमारास तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, पन्नास हजार आहेत का? दिवाळीला परत देतो."

कशाला, म्हटलं. त्यानं फोन पुढं केला. सगळी यादी लाल. अमेरिकेच्या अध्यक्षांनी पाचच दिवसांपूर्वी जगभरच्या मालावर आयातशुल्क लावल्याचं जाहीर केलं होतं आणि त्या सोमवारी सेन्सेक्स उघडतानाच चार हजारांच्या आसपास घसरला होता. "फुकापासरी मिळतंय सगळं," भाचा म्हणाला. "असा चान्स परत नाही."

मी पैसे दिले नाहीत. २३ एप्रिलला सेन्सेक्स ऐंशी हजारांच्या वर बंद झाला. भाचा ते मला अजून ऐकवतो, आणि आकडे त्याच्या बाजूनं आहेत. त्या दिवशी कट्ट्यावर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतो आहे, थोडं लांबवून.

आमचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळातली एक गोष्ट सांगायचे. आमची तीन एकर जमीन नीरा डाव्या कालव्याखाली. पाणी कमी झालं होतं, पण आटलं नव्हतं. थोडा ऊस उभा होता, म्हणजे वाढे होते, आणि आदल्या सालच्या कडब्याची एक गंज शिल्लक होती. तिकडं जिराईत पट्ट्यात दावणी मोकळ्या होत होत्या. खडी फोडायच्या कामावर जाऊन माणूस सुकडीवर तरी जगायचा, जनावराला कुणी सुकडी देत नव्हतं. माणसं बैल घेऊन कालव्याच्या कडेनं यायची. एरवी एका बैलाला जे पडायचं, त्यात जोडी मिळायची. आजोबांनी त्या वर्षी एक खिलार घेतला, राजा नावाचा. अकरा वर्षं चालला. राजाची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की त्याच्या शिंगांची वळणंसुद्धा मला पाठ आहेत, मी त्याला धड पाहिलेलंही नसताना.

गोष्टीच्या शेवटी आजोबा म्हणायचे, दुष्काळात बैल स्वस्त असतो, चारा महाग असतो.

बाजार पडल्यावर चालणारी सगळी चर्चा बैलाच्या भावाची असते. अमुक शेअर साठ टक्के खाली, तमुक पाच वर्षांपूर्वीच्या भावाला. चाऱ्याचं कुणी बोलत नाही. शेअरबाजारातला चारा म्हणजे ज्या पैशाला पुढची पाच-सात वर्षं हात लावावा लागणार नाही तो पैसा, आणि त्याच्या जोडीला तेवढी वर्षं पगार, उसाचं बिल किंवा दुधाचा हप्ता येत राहील याची बऱ्यापैकी खात्री. पडझड होते तेव्हा नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ झालेली असते. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त कोसळला. सकाळीच लोअर सर्किट लागून पाऊण तास व्यवहार थांबले. त्या दिवशी शेअर स्वस्त का होते? हॉटेलवाल्याला कामगारांचे पगार द्यायचे होते, नोकरदाराला नोकरीची शाश्वती नव्हती, परदेशी फंडांना त्यांचे गुंतवणूकदार पैसे परत मागत होते. विकणारे सगळे घाबरट होते आणि घेणारे सगळे धीट, ही गोष्ट नंतर घेणाऱ्यांनी रचली. विकणाऱ्यांतल्या पुष्कळांचा फक्त कडबा संपला होता.

म्हणून भाच्याला पैसे नाकारताना माझ्या मनात बाजाराविषयी काही मत नव्हतं. तो वर जाईल की खाली, मला काय कळतंय. पण जो माणूस बैल घ्यायला निघालाय आणि चारा शेजाऱ्याकडून उसना मागतोय, त्याचा बैल पाऊस लांबला की पुन्हा बाजारात येणार, आणि तेव्हा भाव आजच्याहूनही पडलेला असणार, एवढं मला दिसत होतं.

हे आमच्याच तालुक्यात एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे, आणि त्याची सुरुवातही मुंबईच्या शेअरबाजारातल्या तेजीपाशी जाते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या कापसातला सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जायचा. तो थांबला आणि मँचेस्टरची नजर हिंदुस्थानकडं वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या रोज निघू लागल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे राजे. बॅक बे रिक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेल्याच्या नोंदी आहेत. हा पैसा मुंबईत थांबला नाही. निर्यातदाराकडून शहरी पेढीवाल्याकडं, तिथून गावच्या सावकाराकडं आणि सावकाराकडून कुणब्याकडं कर्जाच्या रूपानं उतरत गेला. एरवी दहा वेळा खेटे घालायला लावणारा सावकार आता हवं तेवढं देत होता.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. कापूस कोसळला. १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते, ते पुरे करायला कुणाकडं काही नव्हतं. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा, एकेकाळी २,८५० रुपयांना गेलेला शेअर ८७ रुपयांना विकला गेल्याचं सांगतात. हा आकडा जाणारा-येणारा प्रत्येक लेखक देतो, पण त्यातली खरी मेख सोडून. २,८५० चा शेअर हजारावर आला तेव्हाही तो कुणाला तरी स्वस्त वाटला असणार. पाचशेला तर फारच. पडलेला भाव पाहून ज्यांनी वाटेत हात घातले, त्यांना ८७ पाहायला मिळाले. आणि ८७ ला घेणाऱ्यांच्याही हातात एक मोडीत निघालेली बँक राहिली, कारण १८६८ मध्ये तिची जागा त्याच नावाच्या नव्या बँकेनं घेतली. (प्रेमचंदांनी तेजीत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र आजही वेळ दाखवतो. तेजीतलं दान टिकलं, तेजीतला कागद टिकला नाही.)

मुंबईची पडझड गावात पोचायला काही वर्षं गेली. सावकाराचा मागचा पुरवठा आटला, तशी त्यानं वसुली आवळली. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापुरापासून सुरुवात करून सरकारनं महसुलाची फेरआकारणी काढली आणि शेतसारा बेसुमार वाढवला. म्हणजे पीक स्वस्त, सारा महाग, उसनवारी बंद. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचा ठरवलं होतं, कुणब्याच्या भल्यासाठी. सावकारानं त्याचा उपाय काढला: दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा. मग कोर्टाचा हुकूमनामा, मग लिलाव. जमीन मातीमोल भावानं जायची आणि घेणारा बहुतेक तोच, ज्यानं कर्ज दिलं होतं.

१२ मे १८७५ ला सुप्यात लोक जमले. सुपे जळोचीपासून तासाभराच्या आत येतं, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, बाजारपेठेचं गाव. लोकांनी सावकारांकडं रोखे आणि वह्या मागितल्या आणि मिळाल्या त्या जाळल्या. धान्याची दुकानंही लुटली गेली, काही घरं पेटली. तिथून हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. नील चार्ल्सवर्थसारख्या इतिहासकारांना या दंग्याचं महत्त्व फुगवलेलं वाटतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल. मला त्यातली एकच गोष्ट इथं हवी आहे. दंगेखोरांनी आधी कागद शोधले.

आणि त्याच साली, सुप्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ जुलैला, मुंबईच्या दलालांनी आपली संघटना रीतसर स्थापन केली. तिचाच पुढं मुंबई शेअरबाजार झाला. एकाच पडझडीची ही दोन अपत्यं, एक आमच्या तालुक्यात आणि एक दलाल स्ट्रीटवर. शाळेत ती आम्हाला वेगवेगळ्या धड्यांत शिकवली, त्यामुळं भावंडं असल्याचं कळलं नाही.

आता एक आक्षेप घेता येईल, आणि आमच्या गावातला एक निवृत्त मास्तर तो माझ्यावर दरवेळी घेतो. तो म्हणतो, पडत्या बाजारात घेणारा म्हणजे सावकारच की. दुसऱ्याची अडचण ती तुमची संधी. मला हे पटत नाही, पण सहज झटकताही येत नाही. माझं उत्तर असं: सुप्याचा सावकार घेणारा होता म्हणून वाईट ठरत नाही. त्यानं कर्ज दिलं, त्यानंच वसुलीची वेळ ठरवली, त्यानंच लिलाव आणला आणि त्यानंच बोली लावली. अडचण आणि गिऱ्हाईक एकाच खिशातून निघालं. बहात्तरला कालव्याकडं बैल घेऊन आलेल्या माणसाला आजोबांनी दुष्काळ दिला नव्हता. त्या दिवशी दारात घेणारं कुणीच नसतं तर बैल खाटकाकडं गेला असता. पडत्या बाजारात रोकड घेऊन उभा असलेला माणूस भाव आणखी पडण्यापासून थांबवतो. तो नसता तर ८७ चे आठ झाले असते. मास्तर यावर मान हलवतो. आजोबांनी तो बैल पाऊस पडल्यावर त्याच भावात परत दिला असता का, असं विचारतो. नाही दिला असता. एवढ्यापुरतं मास्तराचं बरोबर आहे.

पण सावकार गेला कुठं, या प्रश्नाचं उत्तर मास्तरालाही आवडलं. सावकार मार्जिनमध्ये गेला. फोनवरची अ‍ॅप आज दहा-वीस हजार असलेल्या पोराला त्याच्या कित्येक पट शेअर उधारीवर घेऊ देतात, व्याज लावून. भाव एका मर्यादेखाली गेला की आणखी पैसे भरा म्हणतात, नाहीतर परस्पर विकून मोकळे होतात. जुना सावकार निदान दारात येऊन बसायचा, शिव्या खायचा. हा तुम्ही उसाला पाणी धरत असताना तुमचा लिलाव उरकतो आणि नंतर मेसेज पाठवतो. फ्युचर-ऑप्शनचं तर बोलायलाच नको. सेबीनंच २०२४ मध्ये सांगितलं की त्याआधीच्या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले. कंपन्यांचे प्रवर्तकही याला अपवाद नाहीत. स्वतःचे शेअर गहाण टाकून कर्ज काढतात, भाव पडला की सावकार ते बाजारात ओततो, भाव आणखी पडतो, आणखी गहाणाचे शेअर विकले जातात. किती टक्के गहाण आहेत ते दर तिमाहीला जाहीर होतं. पडलेला शेअर घेणाऱ्या माणसानं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, तो आकडा वाचावा. सुप्याच्या माणसाला वह्या हिसकावून मिळवावा लागला असता तो तपशील आज फुकट मिळतो आणि कुणी बघत नाही.

इथं एक वेगळं सांगायला हवं. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला 'शेअर आहे का' विचारलं, तर त्याला माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती कारखाना आठवतो. कारखान्याचा शेअर म्हणजे सभासदत्व: ऊस घालायचा हक्क, सवलतीची साखर, एक मत, आणि सर्वसाधारण सभेत उभं राहून चार शब्द सुनवायची सोय. तो बापाकडून मुलाकडं येतो. त्याला सव्वानवाची घंटा नाही. कारखाना बुडीतकडं चालला असला तरी कागदावरचा आकडा तोच राहतो. आजार कळतो तो उसाचं बिल लांबतं तेव्हा. हे पाहत वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा डिमॅट उघडल्यावर वाटतं की भाव हीच कंपनीची नाडी. खरं तर भाव म्हणजे त्या क्षणी कुणाला पैशाची किती निकड आहे त्याचा आकडा. आकडा न हलणाऱ्या कारखान्यात कीड असू शकते आणि निम्म्यावर आलेली कंपनी धडधाकट असू शकते.

किंवा नसूही शकते. बाजार पडणं आणि शेअर पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि 'पडलेलं घ्यावं' हा सल्ला देणारे दोन्हींना एकच शब्द वापरतात. बाजार म्हणजे सगळी दावण. त्यातले काही बैल मरतात, काही नवे येतात, दावण राहते. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती, हिंदुस्तान मोटर्स होती, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कागदगिरणीची बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर आता लग्नाच्या जुन्या फोटोंत दिसतात, आणि बल्लारपूर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सेन्सेक्सचा आलेख मात्र उजवीकडं वर जाताना दिसतो, कारण गळालेल्यांना तो आपल्या आलेखात जागा देत नाही.

पुण्याच्या सुझलॉनची गोष्ट तर प्रत्येक कट्ट्यावर निघते. पवनचक्क्यांची कंपनी, हडपसरला देखणं मुख्यालय. जानेवारी २००८ मध्ये शेअर साडेचारशेच्या घरात होता. वर्ष संपता संपता पन्नास-साठवर आला. जवळजवळ नव्वद टक्के सूट! आता आणखी किती पडणार, असं म्हणून ज्यांनी घेतला, त्यांना मार्च २०२० मध्ये तो दोन रुपयांच्याही खाली पाहायला मिळाला. नव्वद टक्के पडलेला शेअर म्हणजे आधी ऐंशी टक्के पडून मग पुन्हा निम्मा झालेला शेअर. हजाराचे दोनशे होताना ज्यानं संधी साधली त्याचे अर्धे पैसे शंभरावर गेले. हे गणित चौथीतलं आहे. पण उतरत्या भावाकडं बघताना आपण मागचा उंच आकडा बघतो, पुढं किती खड्डा उरलाय ते बघत नाही. पुढं २०२४ मध्ये सुझलॉन ऐंशीच्या वर गेला, आणि आता कट्ट्यावर दोन रुपयांना घेतलेल्याचीच गोष्ट होते. पन्नासला घेऊन दोनपर्यंत उतरलेला माणूस त्या गप्पांत नसतो. तो मधल्या काळात कर्जफेड, लग्न किंवा कंटाळा यांपैकी कशासाठी तरी विकून गेलेला असतो.

त्या मधल्या माणसाची मला चांगली ओळख आहे. २००८ च्या जूनअखेर सेन्सेक्स साडेतेरा हजारांखाली आला होता, जानेवारीत तो २१,२०६ ला जाऊन आलेला. मी रस्ते-पूल बांधणाऱ्या एका कंपनीचा शेअर घेतला, नाव सांगत नाही. नऊशेवरून तीनशेला आला होता. एकशे ऐंशीला 'अ‍ॅव्हरेज' केला. हा शब्द फार गोड आहे. चूक दुप्पट केली असं कुणी म्हणत नाही, अ‍ॅव्हरेज केला म्हणतात. नव्वदला पुन्हा केला, ठिबकसाठी ठेवलेल्या पैशातून. २७ ऑक्टोबरला सेन्सेक्स ७,६९७ ला टेकला आणि तिथून काही महिन्यांनी बाजार उठला, सगळीकडं फटाके. माझा शेअर उठला नाही. तो चाळीसला आला, मग बाराला, मग त्याचे व्यवहारच थांबले. बाजाराबद्दलचा माझा अंदाज बरोबर ठरला होता. बैल चुकला होता. ठिबक त्यानंतर दोन वर्षांनी झालं आणि त्या दोन वर्षांत पाटानं किती पाणी वाया गेलं त्याचा हिशेब बायको अजून काढते.

म्हणून पडझडीत ज्याला घ्यायचंच आहे त्यानं सगळी दावण घ्यावी, म्हणजे निर्देशांकाचा फंड घ्यावा, असं मला वाटतं. एकेक बैल निवडायचा असेल तर दात मोजता आले पाहिजेत. नुसती कंपनी ओळखीची असून भागत नाही. बारामतीच्या एमआयडीसीत भारत फोर्जचा कारखाना आहे. शिफ्ट सुटली की चहाच्या गाड्यावर गर्दी होते, म्हणून आम्हाला वाटतं कंपनी आपल्याला कळते. तिचा शेअर २०२० मध्ये निम्म्याच्या खाली आला आणि पुढं सावरला. पण तिच्या धंद्याचा मोठा भाग अमेरिकेतल्या अवजड ट्रकांच्या मागणीवर हलतो, आणि ती मागणी चहाच्या गाड्यावरून दिसत नाही.

पण दावणीलाही किती थांबावं लागेल ते सांगता येत नाही, आणि इथं कोविडनं एका पिढीचा घात केला असं माझं मत आहे. मार्च २०२० च्या तळापासून सेन्सेक्स त्या वर्षीच्या दिवाळीआधीच जुन्या शिखराच्या वर गेला. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, चार वर्षांत ती पंधरा कोटींच्या पुढं गेली. म्हणजे आज बाजारात असलेल्या बहुसंख्यांनी पाहिलेला दुष्काळ आठ महिन्यांचा. २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, ४ जूनला, बाजार आपटला आणि आठवडाभरात सावरला. एप्रिल २०२५ मध्ये दोन आठवड्यांत. दरवेळी पाऊस वेळेवर आला. माझ्या वयाच्या माणसाला मात्र एप्रिल १९९२ आठवतो. हर्षद मेहताचं प्रकरण फुटायच्या आधी सेन्सेक्स ४,४६७ वर होता. एप्रिल २००३ मध्ये तो तीन हजारांच्याही खाली होता. अकरा वर्षं. मधे एकदा चढून पुन्हा उतरला. त्यातली पहिली काही वर्षं बँकेतल्या ठेवीवर दहा-बारा टक्के मिळायचे. जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ च्या डिसेंबरातलं शिखर पुन्हा गाठायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. त्या शिखराच्या वेळी चाळीस वर्षांचा असलेला माणूस चौऱ्याहत्तरचा झाला. पडत गेलेल्या बाजारात थोडं थोडं घेत राहिलेल्याची स्थिती यापेक्षा बरी असते हे खरं, एसआयपीवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण थोडं थोडं अकरा वर्षं घेत राहायला दर महिन्याला चारा लागतो, आणि जिराईत माणसाच्या घरात दर महिन्याला काही येत नाही.

आमच्या भागात दुष्काळात झालेली सगळ्यात मोठी खरेदी कुठली, यावर मी बरेच दिवस विचार केला. उत्तर रोज ओलांडतो. सुप्याच्या दंग्यानंतर पुढच्याच वर्षी १८७६ चा दुष्काळ पडला आणि सरकारनं दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याचं खोदकाम काढलं. माणसं पोटापुरत्या मजुरीवर खणत होती. त्या काळात दिवसाला रतलभर धान्याच्या हिशेबानं बसवलेली सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपलची मजुरी एवढी अपुरी होती की तिच्याविरुद्ध माणसं कामं सोडून गेली. १८८५ मध्ये पाणी आलं. पुढं त्याच पाण्यावर ऊस, उसावर कारखाने, कारखान्यांवर आजची बारामती. हा पडत्या भावातला सौदा सव्वाशे वर्षांहून जास्त काळ परतावा देतोय. घेणाऱ्याला, म्हणजे सरकारला, घाई नव्हती, त्याच्याकडं जगातला सगळ्यात मोठा कडबा होता. ज्यांनी खणला त्यांच्यातल्या किती जणांच्या रानात ते पाणी आलं, हा मास्तराचा प्रश्न. सुपे आजही जिराईत पट्ट्यातच आहे.

हे सगळं मी भाच्याला थोडक्यात सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मामा, पन्नास हजारांत एवढा इतिहास?" मग म्हणाला की त्यानं त्या दिवशी मित्राकडून वीस हजार घेतले होते, नऊ टक्के सुटले, मित्राला परतही दिले. मी गप्प बसलो. नफा झालेल्या माणसाशी वाद घालू नये, आणि त्यात तो भाचा असेल तर अजिबात नाही.

मागच्या पितृपक्षात आजीशी बोलत बसलो होतो. नव्वदीच्या पुढं गेलीय, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. मी राजा बैलाची गोष्ट काढली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक कुठं, दोन घेतले होते." दुसरा पावसाळा लागायच्या आधीच गेला. चारा दोघांनाही सारखाच घातला होता. आजोबा ही गोष्ट कधी बोलले नाहीत. मी विचारलं, त्याचं नाव काय होतं? आजी म्हणाली, नाव ठेवेपर्यंत तो राहिला कुठं.